पाच रात्रींची खोली

लातूरच्या ट्यूशन एरियात दर दहा पावलांवर कुठल्या ना कुठल्या क्लासचा फलक लागलेला असतो आणि त्यावर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे चेहरे हसत असतात. अशाच दोन फलकांच्या खाली, एका झेरॉक्सवाल्याच्या आणि एका खानावळीच्या मध्ये, नजीरचं ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक संगणक, तीन खुर्च्या. पण तिथं बसून नजीरनं निम्म्या मराठवाड्याची लेकरं परीक्षेला पोचवली होती.

त्याचे वडील हमजाभाई बसस्टँडसमोर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची तिकिटं फाडायचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा नजीर एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी एक टेम्पो पावांनी भरून पडलेल्या गावांकडे नेला आणि नजीर मागं पावांच्या लाद्यांना टेकून गेला. तिथं जे दिसलं ते त्यानं घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं त्या बाजूची माणसं लातूरला पाहुणी आली की खोलीत झोपत नसत, भर थंडीतही अंगणात वाकळ टाकून पडत. हे त्याला ठाऊक होतं. लातुरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग क्लास वाढत गेले. मुखेडहून, शिरूर अनंतपाळहून, निलंग्याहून पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. आईबाप सोडायला यायचे, जाताना डोळे पुसायचे आणि नजीरला सांगून जायचे, "भाऊ, पोरीकडं लक्ष असू द्या." नजीर लक्ष ठेवायचा. त्यातलीच एक पुनम. निलंग्याकडच्या, भूकंपात पडून पुन्हा वसवलेल्या एका गावातली, शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. मेडिकलच्या परीक्षेदिवशी तिचं हॉल तिकीट गावीच राहिलं होतं. बाप शेषेरावांनी ते ओळखीच्या बसड्रायव्हरच्या हातात दिलं, नजीरनं स्टँडवर ती बस गाठली आणि स्कूटरवरून केंद्रावर नेऊन पोचवलं. फाटक लावायला दहा मिनिटं होती. त्या दिवसापासून नजीर पुनमचा मामा झाला. तिची आई केवळाबाई त्याला भाऊ मानायला लागली आणि तो तिला ताई, शेषेरावांना दाजी म्हणायला लागला. पुनम डॉक्टर होऊन नांदेडला स्थिरावली तरी ईदला तिचा फोन चुकला नाही.

अशा माणसानं खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. पण ते झालं, आणि हळूहळू झालं.

समोरच्या बाजूला काचेच्या दाराचं एक नवं ट्रॅव्हल्स ऑफिस उघडलं. आत एसी, बाहेर दुबईचा फलक. क्लासवाल्या सरांची गिऱ्हाइकी तिकडं वळली. त्याच सुमारास मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजांचा बोलबाला झाला. एका जहाज कंपनीनं गावोगावच्या एजंटांना मुंबईला बोलावलं. जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. तीन तास ते आतून दाखवलं, जेवू घातलं आणि संध्याकाळी उतरवून दिलं. वरच्या मजल्यावर उभं राहून नजीरनं फोटो काढून घेतला. खाली खोल्या दाखवायला नेत होते तेव्हा तो जेवणाच्या रांगेत होता. ताट भरून घेतलं होतं, ते टाकून कुठं जायचं, म्हणून तो गेला नाही.

तो फोटो त्यानं दुकानात लावला. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "जाऊन आलात वाटतं?" नजीर नुसता हसला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मान हलवली. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "हाव, लई मजा असती." पुढं पुढं तो लाटांचंही वर्णन करायला लागला. बायको वहिदा एकदा दुकानात बसलेली असताना तिनं हे ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आजवर तेरणेच्या धरणातसुद्धा नावेत बसला न्हाईत."

"धंद्यात चालतंय तेवढं," नजीर म्हणाला. पण त्याचे कान तापले होते.

आईबापांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या दिवाळीत पुनमचा फोन आला. "मामा, आईबाबांना जहाजातून फिरवून आणायचंय. त्यांनी समुद्र बघितलेला नाही. तुम्ही गेलेले आहात, तुम्हीच ठरवा कुठली कंपनी, किती दिवस. मी सांगते त्या रकमेत बसवा. आणि आईला जरा मोकळं लागतं, तेवढं बघा."

"तू काळजीच सोड," नजीर म्हणाला.

चार दिवसांनी शेषेराव आणि केवळाबाई बाजाराच्या निमित्तानं लातूरला आले आणि दुकानात बसले. शेषेराव पांढऱ्या टोपीत, कौतुकानं फोटोकडे बघत. केवळाबाई खुर्चीच्या कडेवर, पिशवी मांडीवर धरून. नजीरनं त्यांच्यापुढं कागद मांडले. एक परदेशी कंपनी होती, मोठं जहाज, सात रात्री, पण त्याला पासपोर्ट लागणार होता आणि या दोघांकडं नव्हता. ती बाजूला पडली. राहिली ती देशी कंपनी, एजंटांना जेवू घातलेली. तिची एक दोन रात्रींची सफर होती, नुसती समुद्रात जाऊन परत येणारी. आणि एक पाच रात्रींची, गोवा, मग लक्षद्वीप, मग परत मुंबई. पुनमच्या रकमेत दोनच गोष्टी बसत होत्या. दोन रात्री गच्चीवाल्या खोलीत, नाहीतर पाच रात्री आतल्या खोलीत. आतल्या खोलीला खिडकी नसते, हे त्या कागदावर बारीक अक्षरात छापलं होतं. नजीरनं ते वाचलेलं होतं.

"दोन राती बास झाल्या की," केवळाबाई म्हणाल्या. "आधी बघू तर द्या पाणी कसं असतंय. गाडी लागती तसं जहाज लागलं तर?"

कुणाही पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी ती बरोबर गोष्ट होती. नजीरच्याही मनात तेच आलं. पण त्याच्या टेबलाच्या खणात कंपनीचं पत्र होतं. पाच रात्रींची आणखी एक खोली विकली की एजंटाला स्वतःला एक सफर बक्षीस मिळणार होती. गेलं वर्षभर तो ह्या एका खोलीसाठी अडला होता. एकदा खरंच जाऊन आलो, की झालेलं खोटं आपोआप खरं होईल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

"ताई, दोन रातीत काय समजतंय?" तो म्हणाला. "चढलं की उतरलं. खरी मजा तिसऱ्या दिवशी सुरू होती, माझ्या अनुभवानं सांगतो. अन आतल्या खोलीत हलत न्हाई, जहाज लागत न्हाई. मधोमध असती ना."

शेषेराव लगेच पटले. केवळाबाईंनी कागदावरचं खोलीचं चित्र जवळ ओढलं. पांढरा पलंग, भिंतीला निळा पडदा.

"नजीरभाई, खोलीला खिडकी हाय न्हवं?"

नजीरनं चित्राकडं बघितलं. "पडदा दिसतोय की ताई," तो म्हणाला.

केवळाबाईंचा चेहरा निवळला. पडदा आहे म्हणजे मागं खिडकी असणारच. "मंग करा," त्या म्हणाल्या. नजीरनं तिथंच बसून बुकिंग केलं. चहा मागवला. चहा पिताना त्याला त्यांच्याकडं बघवलं नाही, म्हणून तो संगणकावर उगाच काहीतरी उघडून बसला.

डिसेंबरात ते दोघं गेले. नजीर स्टेशनवर सोडायला गेला होता. आठवड्यानं परत आले तेव्हा केवळाबाई दुकानात येऊन गोव्याच्या काजूचं पाकीट ठेवून गेल्या. "लई छान होतं," म्हणाल्या. नजीरनं मोबाइल पुढं करून, "ताई, दोन शब्द बोला, गिऱ्हाइकाला दाखवायला," म्हटल्यावर पदर सावरून बोलल्यासुद्धा. जहाज मोठं हाय, माणसं चांगली हायत, जेवायला लई परकार. डोळ्यांखाली काळं आलं होतं. प्रवासाचा शीण असेल, असं नजीरनं स्वतःला समजावलं. तो व्हिडिओ त्यानं दोनशे लोकांना पाठवला.

संक्रांत झाल्यावर शेषेराव एकटेच आले, पुनमकडं नांदेडला जायचं तिकीट काढायला. तिकीट झालं तरी उठेनात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नजीरभाई, एक बोलू का? तिनं सांगू नका म्हटलंय."

"बोला की दाजी."

"ती खोलीत झोपलीच न्हाई. पाची राती."

नजीरच्या हातातला पेन थांबला.

"पडदा सारला तर मागं आरसा. दार लावून घ्यायची तिथली पद्धत. दिवा घालवला की काळाकुट्ट. धा मिंट बसली असंल, घामानं भिजली अन निघाली बाहीर. वर मोकळ्यावर खुर्च्या असत्यात पाठ टेकायच्या, तिथं जाऊन बसली. वॉचमन येऊन उठवायचा, बाई इथं झोपायचं न्हाई. मंग जिन्यात बसायची. त्यो गेला की पुन्हा वर. दुसऱ्या दिशी वारं सुटलं तवा एका कामवाल्या पोरीनं आंघुळीचे जाड टॉवेल आणून दिले पांघराया. येणारेजाणारे बघायचे. एक बाई तर नाकाला पदर लावून गेली. अन मी..." शेषेरावांनी टोपी फिरवली. "पैल्या राती बसलो जोडीला. मंग माझी कंबर धरली. मी खाली एसीत झोपलो, नजीरभाई. पाच दिस चांगला झोपलो."

"ताईनी कंपनीच्या माणसाला का न्हाई सांगितलं?" नजीरनं विचारलं.

"काय सांगावं? भूकंपात ती पहाटेपासून दुपार टळेपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. शेजारी आमची आई. आई लई येळ बोलत होती, मंग बोलायची थांबली. पुनम आजोळी होती म्हणून वाचली. तवापास्नं घरात तिची बाज दाराला लावून असती, दार उघडं. थंडी असू द्या, पाऊस असू द्या. आता हे कुणाला सांगावं?" शेषेराव उठले. "तुमचं काय चुकलं न्हाई. तुम्ही मनानं केलं. ती हेच म्हणती, नजीरभाईला कळू देऊ नका, वाईट वाटंल."

शेषेराव गेले. नजीरनं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिला. त्याला पावाचा टेम्पो आठवला, अंगणातल्या वाकळा आठवल्या. पुनम म्हणाली होती, आईला मोकळं लागतं. ताईंनी तोंडानं खिडकी विचारली होती. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं अशा माणसाची ही चूक नव्हती. सगळं ठाऊक असून त्यानं पडदा दाखवला होता. त्यानं भिंतीवरचा फोटो काढून कपाटामागं सारला, व्हिडिओ पुसून टाकला. पण दोनशे लोकांच्या मोबाइलमधून तो कसा पुसणार?

त्यानंतर महिनाभर तो तोंड लपवत राहिला. शेषेराव बाजारात दिसले तर गल्ली बदलायचा. पुनमचा फोन आला तर, "गिऱ्हाईक हाय, मग करतो," म्हणायचा. एक दिवस कंपनीचं पत्र आलं. बक्षिसाची सफर मंजूर, दोन माणसं, मे महिन्यात. वहिदानं ते वाचलं. "खुश दिसत न्हाईत," ती म्हणाली. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. वहिदानं पत्राची घडी घालून त्याच्या हातात दिली. मग एवढंच म्हणाली, "जाको बोल देव. सीधा उनके घर जाको."

"काय बोलू?"

"मेरे को बोले ना अभी? वोइच."

शुक्रवारची नमाज झाल्यावर तो निलंग्याच्या एसटीत बसला. निलंग्याहून काळीपिवळी जीप. गाव सरकारनं आखून दिलेलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. शेषेराव शेतात होते. केवळाबाई दारात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दाराला लागून खरंच बाज होती, निम्मी आत, निम्मी उंबऱ्याबाहेर.

"अगंबाई, नजीरभाई! या की. सांगून तरी यायचं."

त्या पाणी आणायला उठल्या. नजीर म्हणाला, "ताई, बसा. पाणी मग." आणि उभ्याउभ्याच बोलायला लागला. बसलो तर बोलणं व्हायचं नाही, अशी त्याला भीती होती. आपण जहाजानं कधी गेलोच नाही, फोटो धक्क्यावरचा आहे, हे सांगितलं. बक्षिसाचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "खोलीला खिडकी न्हाई हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलं तेव्हाबी माहीत होतं. मी जाणून पडदा म्हटलो."

केवळाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"माहीत होतं?"

"हाव."

"मला वाटलं माझंच चुकलं," त्या सावकाश म्हणाल्या. "पडद्यामागं हात लावून लावून बघितलं म्या. वाटलं, खिडकी असंल, आपल्याला उघडाया येईना. खेड्यातली बाई. शेजारच्या खोलीवालीला इचारायचीबी लाज वाटली, ती इंग्रजी बोलायची. मंग वाटलं, आपले कपडे बघून आपल्याला येगळी खोली दिली का काय. पाच दिस मी हेच मनात घोळवत राहिले, नजीरभाई. लोक बघायचे तवा वाटायचं, पोरीनं एवढं केलं अन आपल्याला जहाजात ऱ्हायचीबी अक्कल न्हाई."

नजीरची ढिगाऱ्याचं ऐकायची तयारी होती. हे ऐकायची नव्हती. आपल्या एका शब्दानं ही बाई पाच दिवस स्वतःलाच कमी समजत बसली, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मान वर होईना. तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला.

"भाऊ म्हटलं मी तुम्हाला," केवळाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "सख्ख्या भावागत. अन तुम्ही मला तोंडावर फसिवलं? एका फुकटच्या सफरीपायी? न्हाई खिडकी म्हटलं असतं तर दोन रातीची घेतली असती. मी तर दोनच म्हणत हुते!" शेंगांचं सूप त्यांनी बाजूला सरकवलं. शेजारची गौरम्मा आवाज ऐकून कुंपणापाशी आली. केवळाबाईंनी तिला हटकलं नाही. त्या बोलत राहिल्या आणि नजीर गौरम्मासमोर ऐकत राहिला.

दमल्यावर त्या आत गेल्या, तांब्याभर पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं. चहाचं विचारलं नाही. "पुनमला मी छान झालं म्हणून सांगितलंय," म्हणाल्या. "माझ्या तोंडानं खोटं गेलं. आता खरं तुम्ही सांगा. आत्ता, हितं."

नजीरनं फोन लावला. पुनम दवाखान्यात होती, मागं पोरं रडत होती. त्यानं सांगितलं. ऐकून झाल्यावर पुनम म्हणाली, "मामा, मी तुम्हाला मोकळं लागतं म्हणाले होते."

"हाव बेटा."

"तुम्ही गेला होता म्हणून मी तुमच्यावर सोडलं."

"हाव."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

परतीच्या जीपमध्ये नजीर मागच्या बाकावर बसला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. बक्षिसाची सफर केवळाबाईंच्या नावावर करून द्यावी, खिडकीच्या खोलीत, दोनच रात्री, असं त्यानं कंपनीला लिहिलं. तसं करता येत नाही, असं उत्तर आलं. ते केवळाबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नगंच होती." मे महिना आला आणि गेला. नजीर आणि वहिदा घरीच होते.

आता कुणी जहाजाचं विचारायला आलं की नजीर आधी सांगतो, "मी गेलेलो न्हाई." काहीजण हे ऐकून समोरच्या काचेच्या दारात जातात. जे बसतात त्यांना तो बरेच प्रश्न विचारतो. घरी दार लावून झोपता का, गाडी लागते का, रात्री उठावं लागतं का, पहिल्यांदाच जाताय तर दोन रात्री का नकोत. आणि एखादं म्हातारं जोडपं असलं तर तो केवळाबाईंना फोन लावून देतो. ही कल्पना केवळाबाईंचीच. पावसाळ्यात बियाणं न्यायला लातूरला आल्या होत्या, दुकानात दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुढच्याला पाठवाल तवा आधी मला बोलू द्या."

मागल्या आठवड्यात मुखेडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको उमाबाई आले होते. नजीरनं फोन लावून स्पीकरवर ठेवला. केवळाबाईंनी त्यांना नीट समजावलं. दोन रातीची घ्या. खिडकीचीच घ्या, कागदावर लिहून मागा. सकाळी लवकर वर जा, पाण्यावरनं उडणारे मासे दिसत्यात, ते मातर बघण्यासारखं हाय. सोबत चटणी न्या.

"तुम्ही कुठली खोली घेतली होती?" उमाबाईंनी विचारलं.

"आम्हाला नजीरभाईंनी आतली दिली," केवळाबाई म्हणाल्या. "खिडकी न्हाई हे ठावं असून. मी पाच राती बाहीर काढल्या."

गुरुजींनी मान वळवून नजीरकडं बघितलं. नजीर टेबलावर दोन्ही हात ठेवून बसला होता. हे तो चौथ्यांदा ऐकत होता आणि चारही वेळा त्याचा चेहरा तसाच लाल झाला होता. तरी त्यानं फोन काढून घेतला नाही.

"खरं आहे का हे?" गुरुजींनी विचारलं.

"हाव गुरुजी," नजीर म्हणाला. "खरं हाय."

गुरुजी आणि उमाबाई एकमेकांशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मग विचार करून सांगतो म्हणाले आणि उठले. ते परत येतील की नाही, हे नजीरला माहीत नाही. पुनमचा फोन यंदाच्या ईदला आला नाही. केवळाबाईंनी विचारलं तर तो म्हणतो, "कामात असंल, डॉक्टर हाय ती," आणि केवळाबाई पावसापाण्याचं बोलायला लागतात.